ओळीमागून पाठी पाहणाऱ्या शालनताई

शालनताई तांबे यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, आणि भांडण मी काढलं होतं. साठीच्या गौरवग्रंथात हे शोभतं की नाही, मला ठाऊक नाही. संपादक मंडळाने बजावलंय, "आदराने लिही." आदर आहेच. पण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या माणसाकडून भारदस्त शब्दांची अपेक्षा कुणी ठेवू नये.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही माहीमहून लालबागला नुकतेच राहायला आलो होतो. चाळीमागच्या पटांगणात ताईंच्या मुलींच्या लेझीम पथकाची तालीम चालायची. मी हलगी वाजवायला जायचो. खरं कारण हलगी नव्हतं, दुसऱ्या ओळीतली प्रणाली सुर्वे होती. त्या दिवशी मुली कमरेत वाकून लेझीम जमिनीजवळ नेत होत्या. ताईंनी शिट्टी मारून सगळं थांबवलं. "प्रणाली, तू एकटी वाक. परत. अजून एकदा." प्रणालीचा चेहरा पडला आणि माझं डोकं फिरलं.

"ओ बाई, सगळ्यांसमोर तिलाच काय वाकवताय? स्वतः वाकून दाखवा ना एकदा!"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. अख्ख्या चाळीला जे माहीत होतं, ते एकट्या मला नव्हतं.

"नाही रे येत मला वाकता," ताई शांतपणे म्हणाल्या. "पंधराव्या वर्षी कण्याचं ऑपरेशन झालं. पाठीत सळ्या आहेत. म्हणून मी ओळीच्या मागे उभी असते, आणि तुम्ही वाकलात की मला सगळ्यांच्या पाठी दिसतात. हिची उजवी बाजू डावीपेक्षा वर येतेय. माझीही अशीच यायची. झालं समाधान? वाजव आता."

माफी मागायला मी दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि बाकीचं सांगितलं. परळच्या इस्पितळात ऑपरेशन, त्यानंतर सात महिने गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर. बाहेर आल्या त्या दोन इंच उंच होऊन. पण ज्या पथकात त्या नाचायच्या, तिथल्या मास्तरांनी हातातली लेझीम काढून घेतली. "वाकता येत नाही तर ओळ बिघडते," म्हणाले. ताई रडल्या, चिडल्या, आणि काही वर्षांनी स्वतःचं पथक काढलं. शिकवायच्या मात्र लेझीमचे तेच जुने हात, म्हणजे डाव, कमरेत वाकायचे. स्वतः शिट्टी घेऊन मागे.

महापालिकेच्या कचेरीत त्यांनी तेहेतीस वर्षं नोकरी केली. बदली झाली की त्यांच्याबरोबर त्यांची सरळ पाठीची लाकडी खुर्चीही जायची. एकदा नव्या साहेबांनी कौतुकाने त्यांना मऊ, गोल फिरणारी खुर्ची मागवून दिली. ताई म्हणाल्या, "साहेब, कुठल्या फाइलची शिक्षा ही?" सळ्यांवर त्या असंच बोलतात. रडगाणं नाही आणि बढाईही नाही.

ताईंच्या सांगण्यावरून प्रणालीचा एक्स-रे निघाला. कणा बराच वळलेला होता आणि अजून वळत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. घरचे नाही म्हणाले. पाठीत लोखंड घातलेल्या मुलीला स्थळ कुठून येणार, ही काळजी. हे कळल्यावर मी काय करावं? सरळ सुर्व्यांच्या दारात जाऊन ओरडलो, "मी करतो ना लग्न! घ्या ऑपरेशन करून!"

परिणाम व्हायचा तोच झाला. तिची लेझीमही बंद आणि इस्पितळही बंद.

ताईंनी मला असा झाडला की आजही कान गरम होतात. "कणा असाच वळत राहिला तर तिचा श्वास कोंडायची वेळ येईल पुढे, आणि तुला हिरो व्हायचंय? तुला काय हवं ते ओरडून आलास. तिला काय हवं, विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

रविवारी ताई स्वतः सुर्व्यांकडे गेल्या. मला जिन्यात उभं राहायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. दार उघडंच होतं. प्रणालीच्या आईने पहिलं विचारलं, "दुखतं का हो?"

"थंडीत आखडते पाठ. मोजे घालायला वेळ लागतो. मागून हाक मारलीत तर मी अख्खी वळते. खोटं नाही सांगणार, वहिनी. पण दोन मुलं झाली, नोकरी झाली, संसार झाला."

सुर्वेकाका म्हणाले, "सगळं खरं. पण उद्या सासरी मोठ्यांच्या पाया कशी पडेल ती? लोक म्हणतील, गुर्मी आहे."

ताई उठल्या. खाटेवर प्रणालीची आजी बसली होती. तिच्यासमोर जाऊन ताईंनी पाठ ताठ ठेवून गुडघे टेकले, दोन्ही हातांनी तिच्या पायांना स्पर्श केला आणि कशाचाही आधार न घेता उभ्या राहिल्या.

आजी म्हणाली, "गो बाय, माका तां पण जमणा नाय!"

घर हसलं. त्या हसण्यातच ताईंनी विचारलं, "प्रणाली, तुला काय करायचंय?" आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं.

"मला ऑपरेशन करायचंय," ती म्हणाली. "आणि लेझीमसुद्धा."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं तेव्हा ती किंचाळली. ताई तिच्याजवळ होत्या. "कूस बदलताना कंबर पिळायची नाही. ओंडक्यासारखी एकदम वळ. हां, अशी." असे दहा दिवस त्या रोज इस्पितळात जात होत्या.

वर्षभराने डॉक्टरांनी नाचायची परवानगी दिली आणि ताईंनी पथकाचे सगळे हात बदलले. कमरेतून वाकणं बंद. चोवीसच्या चोवीस मुलींनी पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून खाली जायचं. जुनी मंडळी कुरकुरली, "ही कसली लेझीम?" ताई म्हणाल्या, "बघा तर आधी."

गेल्या गणपतीत मिरवणुकीत आमचं पथक उतरलं. हलगी कडाडली, चोवीस पाठी एकदम खाली, एकदम वर. त्यातल्या एका पाठीत सळ्या आहेत, हे मलाही ओळखू येईना, आणि मी तर फक्त तिच्याकडेच बघत होतो. मग प्रणाली ओळ सोडून मागे गेली. तिने ताईंच्या तोंडातली शिट्टी काढली आणि हातात लेझीम दिली.

"ताई, हे हात तुम्हालाही येतात."

प्रणालीसाठी हात बदलताना आपणही आता नाचू शकतो, हे ताईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्या ओळीत शिरल्या. पंचेचाळीस वर्षांनी. कुरकुरणारी मंडळी शिट्ट्या मारत होती. माझा ताल दोनदा चुकला, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

प्रणालीने मला अजून हो म्हटलेलं नाही. आधी कॉलेज पूर्ण कर म्हणते. ताईंचंही तेच मत असल्याने मी फॉर्म भरला आहे.

ताई, तुम्हाला साठीच्या मनापासून शुभेच्छा. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, थंडीत पाठ कमी आखडो, आणि तुमच्या शंभरीच्या मिरवणुकीत हलगी माझ्याच गळ्यात असो.