निनावी पत्रांचा पांढरा रुमाल

सणसरजवळच्या द्राक्ष बागायतदार संघात आबाजी दप्तर सांभाळायला लागला, त्या दिवसापासून दप्तरखोलीची किल्ली त्याच्या करदोड्याला होती. बावीस वर्षांत ती आंघोळीलाही सुटली नव्हती. कुणी जुना कागद मागितला की तो आधी मागणाऱ्याचं तोंड न्याहाळायचा, मग कशाला पाहिजे ते विचारायचा, आणि उत्तर पटलं तरी न पटल्यासारखा चेहरा ठेवायचा. त्याचा बाप मेंढरं राखायचा. रोज संध्याकाळी एकेक मेंढरू मोजून आत घ्यायचा आणि एक जरी कमी भरलं तरी जेवायला बसायचा नाही. आबाजीनं मेंढरं सोडली, मोजणं काही सोडलं नाही.

दप्तरखोलीत त्याचा कारभार कापडाच्या रंगावर चालायचा. कायमचे ठेवायचे कागद लाल रुमालात, दहा वर्षं ठेवायचे पिवळ्यात, आणि वर्षभरानं यादी करून जाळायचे ते पांढऱ्यात. संचालकांची निवडणूक आली की निनावी पत्रांना ऊत यायचा. कुणाचा मेव्हणा असा, कुणाचा भाचा तसा. ज्या पत्राला सही नाही, शिक्का नाही, ते कुणापुढंही ठेवायचं नाही, असा आबाजीचा नियम. वरच्या कोपऱ्यात 'निनावी, दप्तरी दाखल' लिहायचं, तारखेसकट सही ठोकायची आणि पांढऱ्या रुमालात बांधायचं. त्यामुळं कैक घरांतली डोकी शाबूत राहिली, असं तो छाती फुगवून सांगायचा. खोटं नसावं.

अठ्ठ्याण्णव साली संघात कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला लोणी भापकरची माधवी आली. परदेशातल्या गिऱ्हाइकांची पत्रं टेलिफोनच्या तारेतून येऊ लागली. त्याला म्हणे ई-मेल म्हणायचं. माधवी ती छापून मॅनेजर राजवर्धनसाहेबांना द्यायची, साहेब त्यावर 'पाहिले' म्हणून सही करायचे, मग कागद दप्तरात यायचा. आबाजीला हा सगळा प्रकारच संशयास्पद वाटे. पाकीट नाही, तिकीट नाही. मग पोरीनंच मनानं टाइप केलं नाही कशावरून? वर आणखी, यंत्रात जागा कमी पडते म्हणून साहेबांच्या हुकमानं ती महिनाअखेरीस जुनी पत्रं पुसून टाकायची. यादी नाही, कुणाची सही नाही. लपवायचं असतं तोच पुसतो, हे आबाजीनं मनाशी पक्कं केलं होतं. कडांना भोकं असलेले छपाईचे कागद तो तिला मोजून द्यायचा आणि वहीत लिहून ठेवायचा.

पुढच्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हायचं ते झालं. द्राक्षांचा कंटेनर बंदरावर पोचला तेव्हा बोट निघून गेली होती. गिऱ्हाईक म्हणालं, बोट दोन दिवस आधी सुटणार हे आम्ही सत्तावीस फेब्रुवारीलाच मेलनं कळवलंय. राजवर्धनसाहेब म्हणाले, मी काहीच पाहिलं नाही. माधवीचं म्हणणं असं, की त्या शनिवारी साहेब लग्नाला कोऱ्हाळ्याला गेले होते, म्हणून तिनं मेल छापून टपालाच्या ट्रेमध्ये ठेवली, आणि महिनाअखेर असल्यानं संध्याकाळी यंत्र साफ केलं. ट्रे रिकामा करायचं काम आबाजीचं. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं छातीठोक सांगितलं, की असला कागद ट्रेमध्ये नव्हताच. न वाचताच पुसून टाकली असणार, असंही वर जोडलं.

माधवीचं काय करायचं ते ठरवायला संचालकांची बैठक शुक्रवारी होती. गुरुवारी माधवी दप्तरखोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आबा, नोकरी गेली तर जाऊ द्या. पण पुसून खोटं बोलली म्हणून गेली, तर बारामतीत कुणी मला दारात उभं करणार न्हाय. एकदा आत बघा की."

"माझ्या खोलीत असतं तर मला ठावं असतं," आबाजी म्हणाला. ती गेली, पण जाताना तिनं कुलपाकडं पाहिलं, असं त्याला वाटलं.

तिला पुरतं उघडं पाडायचं म्हणून तो वही घेऊन बसला. फेब्रुवारीत दिलेले कागद दोनशे. तिच्याकडं उरलेले त्यानं सकाळीच मोजले होते, दप्तरात आलेले आता मोजले. एक कमी भरला. आबाजीला आनंदच झाला. पोरीनं एक कागद घरी नेला, सापडली! पण दुसऱ्यांदा मोजलं तरी एकच कमी, आणि बापाचं रक्त त्याला गप्प बसू देईना. जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यानं लाल रुमाल सोडले, पिवळे सोडले. शेवटी पांढरा सोडला, तो केवळ एकही रुमाल बघायचा राहायला नको म्हणून.

निवडणुकीच्या वीस-बावीस चिठ्ठ्यांमध्ये कडांना भोकं असलेला एक कागद होता. मजकूर इंग्रजी, खाली सही नाही, शिक्का नाही. इंग्रजी आबाजीला अक्षर लावून लावून यायचं, पण सत्तावीस फेब्रुवारी त्याला वाचता आलं. वरच्या कोपऱ्यात त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'निनावी, दप्तरी दाखल', आणि एक मार्चची सही.

 आगपेटी खिशात होती, कागद एवढासा, आणि तो इथं असल्याचं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पांढऱ्या रुमालातला कागदसुद्धा वर्षाच्या आत जाळायचा नाही, हा नियम त्यानंच बावीस वर्षं सगळ्यांना ऐकवला होता. त्याला माधवीपुढं उभं राहायची लाज वाटली आणि स्वतःचा भयंकर राग आला.

शुक्रवारी त्यानं संचालकांपुढं रुमाल सोडला. राजवर्धनसाहेबांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, ह्यावर तर कुणाचीच सही नाही, पोरीनं परवा छापला नसेल कशावरून?

"सही हाय, साहेब," आबाजी म्हणाला. "कोपऱ्यात बघा. सही माझी, तारीख माझी. पोरीनं वेळेवर दिलं हुतं. मीच निनावी म्हणून बांधून ठिवलं."

 माधवीची नोकरी राहिली. आबाजीचं काय करायचं ते पुढच्या बैठकीवर गेलं. दुपारी तो रुमाल आवरत होता तेव्हा माधवी आली आणि हा कागद आता कुठं ठेवायचा, म्हणून तिनं विचारलं.

"लालमधी," आबाजी म्हणाला, आणि रुमालाची गाठ त्यानं तिलाच मारायला लावली.