वहीत सापडलेला माणूस

"नाव? गाव? गोत्र?" कुणी काहीही सांगायला लागलं की आमचे शेजारचे गुरुजी आधी हे विचारत. भाजीवालीनं एखाद्या चमत्कारी बाबाची गोष्ट सांगितली, तरी हेच. काशीतल्या आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत सगळे हसत. पण ते पडले तीर्थोपाध्याय. यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या लाल फडक्यात बांधलेल्या वह्यांत नावानिशी लिहिलेल्या होत्या.

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या बहिणीला, आमच्या वन्संना, स्तनात कॅन्सरची गाठ निघाली होती. ऑपरेशनची तारीखही ठरली. तेवढ्यात कुणीतरी एक व्हिडिओ कॅसेट आणून दिली. कापाकापी नको, नुसता काढा घ्या, गाठ विरघळेल! पांढऱ्या कोटातले डॉक्टर, आलेख, हसरे रुग्ण. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तरी मलाही खरं वाटलं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ऑपरेशन नको म्हणून कळवून टाका."

गुरुजींना कॅसेट दाखवली. त्यात एक फेटेवाले शेतकरी सांगत होते, "आज मी ठणठणीत आहे." खाली नाव-गाव आलं.

"रोको जरा!" गुरुजी ओरडले. "हे गाव आमच्या यजमानांचं!"

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले. त्या शेतकऱ्यांचा मुलगा गेल्या माघात वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला आला होता. नोंदीखाली त्याची सही.

वन्सं सहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कशानं गेले असतील. लिहिलंय का तसं?"

गुरुजी गडबडले. "नाही हो. रोग लिहायची रीत नाही आमच्यात." मग वही मिटत म्हणाले, "पण ताई, तुमचं नाव मला एवढ्यात लिहायचं नाही."

वन्सं ऑपरेशनला गेल्या. तुम्हाला लोकरीचे मोजे धाडतात, त्या याच.

दोन वर्षांनी गुरुजींच्याच घशात रोग निघाला. फार पसरलाय, डॉक्टर म्हणाले. एका दुपारी ते आले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ती कॅसेट आहे का अजून?"

मी लावली. फेटेवाले आले, हसले. गुरुजी थांबवायला सांगतील म्हणून मी बटणावर बोट ठेवून बसले होते. त्यांनी ती संपेपर्यंत चालू दिली. शेवटी म्हणाले, "तेवढा माणूस परत दाखवा."

मी तीनदा मागे नेऊन दाखवला. गुरुजी त्याच्यात काय शोधत होते, मला आजही कळलेलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही, आणि माघाच्या आत ते गेले.

ती कॅसेट मी पुन्हा कुणाला दाखवली नाही. पण फेकलीही नाही.