वाजत राहिलेला फोन

माझ्या वहिनीचा आवाज अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होता, चेहरा कुणाला नाही. फोन जोडून द्यायच्या खोलीत तिची उमेदीची वर्षं गेली. घाबरलेली माणसं फोन करायची आणि ही म्हणायची, "बोला, मी आहे." मग तिथे आपोआप बोलणारं यंत्र आलं आणि वहिनी घरी बसली. भाऊ वारल्यापासून तिचं घर त्याच पगारावर चालत होतं.

कुणीतरी रोजगार मदत केंद्र सुचवलं. सगळं मोफत! कॉम्प्युटर मोफत, मार्गदर्शन मोफत, भिंतीवरच्या फोटोंतलं हसू मोफत. एक सोय मात्र खरंच कामाची होती. ज्याच्याकडे फोन नाही त्याने अर्जावर केंद्राचा नंबर द्यायचा. वहिनीचा फोन बिघडलेला, माझा कारखान्याच्या गेटवर जमा होतो. तिने केंद्राचाच नंबर दिला.

एका टॅक्सी कंपनीत तिची मुलाखत झाली. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि गाड्या पाठवायच्या, म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. मालकीणबाईंना ती आवडली. "सोमवारी सकाळी फोन करून पक्कं सांगते," त्या म्हणाल्या.

सोमवारी वहिनी केंद्रातल्या फोनशेजारी जाऊन बसली. तेवढ्यात तिथला साहेब आला. त्याला अहोजाहो करायची माझी अजिबात इच्छा नाही.

"मावशी, आत चला. वर्ग सुरू होतोय."

"माझा फोन यायचाय, साहेब."

"वर्ग चुकवला तर नाव कमी होतं. फोनचं आम्ही बघतो."

हे 'आम्ही' म्हणजे तो एकटाच, आणि वर्ग घेणाराही तोच! विषय काय, तर फोनवर कसं बोलावं. समोरच्याला ताटकळत ठेवू नका, असं तो वहिनीला शिकवत होता आणि बाहेर फोन वाजायला लागला. वहिनी उठली.

"बसा. फोन कर्मचाऱ्यांनीच उचलायचा असतो."

"मग तुम्ही उचला की!"

"वर्ग चालू असताना नाही."

फोन थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. नाव कमी झालं तर सगळंच गेलं, म्हणून वहिनी ओठ चावत बसून राहिली. वर्ग सुटल्यावर तिनेच टॅक्सी कंपनीला फोन लावला.

"दोनदा केला होता हो," मालकीणबाई म्हणाल्या. "फोनच न उचलणाऱ्या बाईला मी फोनवर कशी बसवू? दुसरीला घेतलं."

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी वहिनीबरोबर केंद्रात गेलो आणि साहेबाची सालटी काढली. तो म्हणे, "तक्रारपेटी आहे ना." आमची अशी जुंपलेली असताना फोन वाजला. भांडणाच्या भरात मलाही तो ऐकू आला नाही. वहिनीने आम्हा दोघांच्या मधून हात घातला आणि उचलला.

"बोला, मी आहे." मग ती वर्गाकडे वळून ओरडली, "रंगकाम करणारे दादा कोण? कामावर बोलावलंय तुम्हाला, या लवकर!"

रंगारी धावत आला.

"मावशी, नियम आहे," साहेब म्हणाला.

"तो तुम्ही पाळा. मला खुर्ची द्या."

तेव्हापासून ती रोज तिथे बसते आणि एकाचाही निरोप चुकत नाही. परवा साहेबाने भिंतीवर मोठा कागद लावला: 'येथे प्रत्येक फोन उचलला जातो. सेवा मोफत.' मी वहिनीच्या पगाराचं विचारलं, तर म्हणाला, "अशी जागाच मंजूर नाही. पण मावशींसाठी काम आम्ही शोधतोय."