बंद शटरमागची बाई

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सिंधीपुऱ्यातल्या दुकानदारांच्या मदत मंडळात जाऊ लागले. थंडीच्या दिवसांत एका महिला पोलिसासोबत मी सकाळी बाजारात फिरायची आणि फुटपाथवर राहणाऱ्यांना चहा द्यायची, कोणी आजारी असेल तर दवाखान्यात न्यायची.

एक म्हातारी कायम एकाच बंद दुकानासमोर बसायची. निवाऱ्यात चला म्हटलं, की शटरला कान लावून म्हणायची, “अंदर कोणी आहे, बाई. कशी येऊ?”

दुकान कित्येक वर्षं बंद होतं. दिवाळीपासून ती हेच म्हणत होती, म्हणून आम्ही मनावर घेत नव्हतो. एका सकाळी मीही सहज कान लावला. आतून कोणीतरी हळूहळू शटर खरवडत होतं.

पोलीसबाईने शेजारच्या दुकानदाराला बोलावून कुलूप तोडायला लावलं. आत तापाने फणफणलेला एक मजूर पडला होता. मागच्या पडक्या भिंतीतून तो झोपायला शिरला होता. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, “मी तर कालच संध्याकाळी आलो होतो.”

“पण आजी तर दिवाळीपासून सांगतेय,” पोलीसबाई मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला म्हटलं, “आजी, तुमच्यामुळे तो माणूस वाचला.”

“तो नाही, बाई,” ती म्हणाली. “आत आहे ती तर बाई आहे. लेकीला हाक मारते.”

आम्ही दुकानाचा कोपरान् कोपरा पाहिला होता; त्या मजुराशिवाय आत कोणीच नव्हतं. मी अजूनही तिला चहा देते, पण त्या शटरकडे पाठ करून उभी राहत नाही.