अडीचशे ग्रॅमच्या आत

मोहाडीत तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. दाखल्यांना लागणारे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि लग्नसराईत लग्नं. कॅमेरा मी स्वतः चालवते. माझे मिस्टर इथल्याच एका हायस्कुलात क्लार्क आहेत. सुट्टीच्या दिवशी ते माझी बॅग उचलतात, लाइटचा स्टँड धरतात आणि वऱ्हाडातल्या लोकांशी गप्पा मारतात. गप्पांचं काम ते फार मनापासून करतात.

काही वर्षांपूर्वीपर्यंत लोक फोटो आणि व्हिडिओ एवढंच मागायचे. मग सगळेच ड्रोन मागू लागले. माझ्याकडे नव्हता, म्हणून मी नागपूरच्या एका ड्रोनवाल्याला बोलवायची. तो मोटारसायकलवर यायचा, अर्धा तास उडवायचा, कोणाशी न बोलता निघून जायचा आणि आठ दिवसांनी क्लिपा पाठवायचा. एका मे महिन्यात त्यानं कहर केला. त्या दिवशी एकाच रस्त्यावर दोन लग्नांचे मांडव घातले होते. मी आत नवरीजवळ होते. त्यानं बाहेरच्या बाहेर उडवला आणि गेला. वरून सगळे मांडव सारखेच दिसतात. घाईघाईत मीही त्याच्या क्लिपा तशाच जोडून टाकल्या. नवरीच्या वडिलांना स्टुडिओत बसवून व्हिडिओ दाखवला. ते खुर्ची पुढे ओढून पाहू लागले. मग म्हणाले, "मॅडम, हे वऱ्हाड कोनाचं हाय?"

पडद्यावर शेजारच्या मांडवातला नवरदेव घोड्यावरून उतरत होता.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. ते फक्त हसले, आणि पुढचा महिनाभर ती गोष्ट बाजाराच्या दिवशी मला वेगवेगळ्या लोकांकडून ऐकावी लागली. त्याच महिन्यात मी ठरवलं की आपला स्वतःचा ड्रोन घ्यायचा. लहान असला तरी चालेल, पण आपला.

घ्यायचा तर कोणता, इथून माझा छळ सुरू झाला. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी मोबाइलवर व्हिडिओ पाहू लागले. प्रत्येक माणूस ओरडूनच बोलत होता, आणि प्रत्येकाच्या हातातला ड्रोन नवशिक्यांसाठी सगळ्यात भारी होता. सगळे कुठल्यातरी डोंगरात नाहीतर समुद्रावर उभे. भाताच्या बांधीत उभं राहून कोणी सांगत नव्हतं. अडीचशे ग्रॅमच्या आतला घ्या म्हणजे लायसन्सची भानगड नाही, एवढी एक गोष्ट मी वहीत लिहून ठेवली. बाकी पानभर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी खोडावं लागायचं, कारण दुसरा माणूस नेमकं उलटं सांगायचा. ज्यांचा कॅमेरा चांगला ते माझ्या आवाक्याबाहेर. जे आवाक्यात, त्यांच्याबद्दल खालच्या कमेंटमध्ये लोक शिव्या देत होते.

शेवटी कंटाळून मी एक मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'फोर के' लिहिलं होतं. मी पंधरा वर्षं कॅमेरा हाताळते. खोक्यावरच्या अक्षरांना मी भुलायला नको होतं. पण भुलले.

तो आला तेव्हा धानाची रोवणी चालू होती. घरामागच्या पांदणीच्या वाटेवर उभी राहून मी तो उडवला. कोरड्या जमिनीवर होता तोवर ठीक होता. पाणी भरलेल्या बांधीवर गेला आणि त्याला वेड लागल्यासारखं झालं. नंतर कळलं की अशा स्वस्तातल्या ड्रोनला उपग्रहाचा आधार नसतो. पोटाखालच्या छोट्या डोळ्यानं जमीन पाहून तो एका जागी थांबतो. खाली चमकणारं, हलणारं पाणी आलं की त्याला आपण कुठं आहोत तेच समजत नाही. तो वाकडातिकडा वाहत गेला आणि नेमका रोवलेल्या बांधीच्या मधोमध बसला.

साडी खोचून मी गुडघाभर चिखलात उतरले. पलीकडे रोवणाऱ्या बाया कमरेत वाकलेल्या होत्या, त्या सगळ्या उभ्या राहिल्या.

"काय रोवून राहिली वं बाई?" एकीनं विचारलं.

"ड्रोन," मी म्हटलं.

"मंग उगवला का सांगजो," ती म्हणाली, आणि सगळ्या इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं. आतून मात्र मी जळत होते. ड्रोन वाळवून, पुसून, त्याच्या कार्डातली एक क्लिप संगणकावर लावली. ओल्या काचेतून पाहावं तसं धान दिसत होतं. परत करायला गेले तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणून सांगितलं. तो अजून कपाटावर आहे.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं नागपूरला एका दुकानात गेलो. आपल्या हातात घेऊन, चार प्रश्न विचारून घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. प्रश्न वहीत लिहूनच नेले होते. दुकानदारानं ड्रोन काढून ठेवला तो मिस्टरांच्या पुढ्यात.

"सर, हा बघा. एकदम इझी."

मी विचारलं, "पाण्यावर स्थिर राहते का?"

तो मिस्टरांकडे पाहून म्हणाला, "एकदम स्टेबल, सर. भाभीलाही जमेल. बटन दाबलं की उडते, बटन दाबलं की उतरते."

मी दुसरा प्रश्न विचारला, की पंखा तुटला तर दुसरा इथं मिळेल का. त्यानं मिस्टरांना सांगितलं, सर, तुटतच नाही. तिसरा विचारला, की वाऱ्यात किती तग धरतो. सर, तुफानात उडवा. शेवटी मिस्टरच वैतागले. "मले काय सांगता भाऊ, मले त्यातलं घंटा समजत नाही. घेनारी ते हाय."

मग तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला, आणि आवाज बारीक करून आतून दुसरा ड्रोन घेऊन आला. तो खरंच चांगला होता. हातात धरल्याबरोबर कळलं. पण बाहेरदेशातून आलेला, बिल मिळणार नाही, आणि वॉरंटी तोंडी.

"बिघडला तर?"

"पाठवून देऊ ना मॅडम."

"कुठं?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं?"

मी वही बंद करून पर्समध्ये घातली आणि बाहेर पडले.

परतीच्या एसटीत मौद्यापर्यंत मी वहीतले प्रश्नच पुन्हा वाचत बसले. मग मिस्टर म्हणाले, "घेऊन टाकाचा होता. आता अजून किती दिवस पाहात बसशील?"

"तुमच्याशीच तर बोलून राहिला होता तो. तुमीच घ्या," मी म्हटलं. बसमधल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. राग त्यांच्यावर नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. पण तो कोणावर तरी काढायचा होता.

माझ्या मावसबहिणीनं मला सुचवलं की लाखांदूरकडे एक बाई फवारणीचा ड्रोन चालवते, बचत गटाकडून शिकून आलेली, तिला विचार. मला वाटलं, फवारणीच्या ड्रोनचा आणि लग्नाच्या कॅमेऱ्याचा काय संबंध? तरी गेले. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. सलवारवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. तिचा ड्रोन अंगणात ताडपत्रीवर ठेवलेला, एखाद्या वासराएवढा. मी वही काढली. तिनं माझे प्रश्न नीट ऐकून घेतले.

"ताई, कॅमेऱ्याचं मले नाही समजत," ती म्हणाली. "वाऱ्याचं समजते. उडवाले कोनालेबी येते. तुमी आधी उतरवाले शिका. रोज वीस डाव उतरवा. आन् घ्याच्या आधी बॅटरी टेबलावर ठेवून पाहा. फुगलेली असन त डोलते."

"नवीन घेऊ का जुना?"

"पहिला त पडनारच हाय. नवा कायले पाडता?"

एवढ्या महिन्यांत मला कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिनं चहा केला, आणि मी निघताना तिच्या मोठ्या रिमोटवर माझे अंगठे ठेवून दाखवले की काडी किती हळू ढकलायची. दुधावरची साय सरकवावी तशी, म्हणाली.

पंधरा दिवसांत भंडाऱ्याच्या एका दातांच्या डॉक्टरकडून मी जुना ड्रोन घेतला. त्यांनी तो सहलीसाठी घेतला होता आणि एकदा आंब्याच्या झाडात अडकल्यावर भिऊन कपाटात ठेवला होता. बिल होतं, दोन बॅटऱ्या होत्या, उपग्रह पकडत होता, वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. कॅमेरा मध्यमच. बॅटऱ्या मी त्यांच्या टेबलावर ठेवून बोटानं टिचकी मारून पाहिल्या. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले.

धान कापून झालं होतं. रिकाम्या वावरात मी रोज सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी जायची आणि पोत्यावर उतरवायची. वीस डाव नाही, पण दहा-बारा. मिस्टर कधीकधी बांधावर उभे राहून "डावीकडे, डावीकडे" ओरडायचे. त्यांची डावी म्हणजे माझी उजवी. एकदा मी त्यांना घरी पाठवून दिलं.

पहिली ऑर्डर कारध्याची होती, डिसेंबरात. आमच्याच समाजातलं लग्न. सरकारी नकाशात तिथं उडवायला मनाई नाही हे मी दोनदा पाहून घेतलं होतं. सकाळी नदीवर धुकं होतं. ते विरलं आणि ऊन असं पडलं की मला राहवेना. दुपारी नदीवरून वारा सुटतो, तेव्हा जमणार नाही, ही धास्ती डोक्यात. मांडवात पांढरे कपडे घातलेली माणसं बसली होती. मी मांडवामागून उडवला. चाळीसएक सेकंद फार सुरेख मिळाले. पांढरी माणसं, निळ्या झालरीचा मांडव, पलीकडे वैनगंगा.

तेवढ्यात आत बुद्धवंदना सुरू झाली होती. माझं सगळं लक्ष स्क्रीनवर. मांडवात इतकी शांतता झाली की वरची घरघर प्रत्येकाच्या कानात शिरत होती. विधी करणाऱ्या बौद्धाचार्यांनी मधेच थांबून हात वर केला. माइकवरून त्यांचा आवाज आला, "आधी ते भिंगोटं खाली घ्या. मग पुढे म्हणू."

सगळी माणसं मागे वळली. लहानपणापासून मी ही वंदना म्हणत आले. त्या वेळी साधं खोकायचं असलं तरी माणूस बाहेर जातो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि मीच ती शांतता मोडली होती. नागपूरच्या माणसाचं एक वेळ समजू शकते, त्याला कुठलाच मांडव ओळखता येत नव्हता. माझं काय? मी ड्रोन उतरवला. पोत्याच्या मधोमध उतरला. इतका नेमका तो आधी कधीच उतरला नव्हता, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

विधी झाल्यावर बौद्धाचार्यांपाशी जाऊन मी हात जोडले. ते म्हणाले, "बाई, यंत्र वाईट नाही. वेळ पाहावी." त्यापेक्षा ते रागावले असते तर मी जेवू तरी शकले असते.

दुपारी वारा सुटला, तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. दुसरी बॅटरी भरलेलीच राहिली.

आठ दिवसांनी नवरीचे वडील आणि काका स्टुडिओत आले. बाकीचा व्हिडिओ त्यांना आवडला. ड्रोनचा भाग आला आणि संपला.

"बस? एवढंच?" काका म्हणाले. "माझ्या साडभावाच्या पोरीच्या लग्नात त पाच मिनिटं होतं."

मी वाऱ्याचं सांगणार होते, बॅटरीचं, वंदनेचं. मिस्टर माझ्या मागे उभे होते. तेही काहीतरी सांगायला तोंड उघडणार, हे मला न पाहता कळलं. मी म्हटलं, "एवढंच."

वडिलांनी ते चाळीस सेकंद पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्याला बोट लावलं. "हे आमची माय. पह्यल्या रांगेत." आणि काकांना म्हणाले, "सगळे आपलेच हायेत ना? मंग झालं."

आता ऑर्डर घेतानाच मी सांगून टाकते: ड्रोन सकाळी, विधीच्या आधी, दोन मिनिटं, आणि वारा असला तर नाही. हे ऐकून निम्मे लोक उठून जातात. त्यांतले काही नागपूरवाल्याला बोलावतात, आणि त्याच्या ड्रोनची घरघर कधीकधी स्टुडिओत बसल्या बसल्या मला ऐकू येते. तेव्हा मी झेरॉक्सचं मशीन सुरू करते.