चौथ्या चालीची दुरुस्ती

मी मुद्रितशोधक. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं; स्वतःच्या काढायला सवड मिळाली नाही. दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा मी लाल पेन हातात घेऊनच वाचतो.

मुलगी बुद्धिबळ खेळायला लागली तेव्हा सुरुवातीच्या चालींचं एक जुनं पुस्तक तिला आणून दिलं. देण्याआधी तपासलं, हे सांगायला नकोच. बुद्धिबळातलं मला कळतं ते एवढंच, की घोडा अडीच घरं जातो. पण चौथ्या चालीला वजिराकडच्या घोड्यासमोरचं प्यादं ‘दोन घरं’ पुढे, असं छापलं होतं, आणि तिथे समोरचा उंट ते फुकटात खातो, हे मलाही दिसलं. उघड उघड छपाईची चूक. मी ‘दोन’ खोडून ‘एक’ केलं आणि त्या दिवशी जेवण अंमळ जास्तच गेलं.

चौदा वर्षांखालच्या स्पर्धेची शेवटची फेरी. ही जिंकली तर संघात, नाहीतर घरी. पालकांना दोरीपलीकडे उभं केलेलं. पांढरी मोहरी हिची. तीन चाली पुस्तकाप्रमाणे झाल्या. चौथीला हिने ते प्यादं उचललं आणि सरळ दोन घरं पुढे ठेवलं. उंटाने ते खाल्लं.

“गेलं,” मी शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सरांना म्हटलं. “पुस्तकातच चूक होती हो. मी दुरुस्त करून दिली होती. एक घर हवं.”

“अहो, ते प्यादं द्यायचंच असतं. उंट त्याच्या नादी लागतो, तेवढ्यात आपली फौज बाहेर. किती पिढ्या देत आल्यात.”

“कुणी तपासलं नसेल,” मी म्हणालो.

सर दोन पावलं लांब सरकले.

तिसाव्या चालीला समोरच्या मुलीने डाव सोडला आणि हात पुढे केला. संघाच्या यादीत आमचं नाव शेवटचं, पण बिनचूक लागलं. मी दोनदा वाचलं.

बाहेर आल्यावर विचारलं, “माझी दुरुस्ती दिसली नाही का गं तुला?”

“दिसली की.”

तिने दप्तरातून पुस्तक काढलं. मी खोडलेल्या ‘दोन’खाली तिने पेन्सिलीने बारीक ठिपके दिले होते. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, शोधकाचं ऐकू नका, मूळ आहे तसंच राहू द्या.

“हे कुठे शिकलीस?”

“तू घरी आणतोस ना, बाबा, त्या कागदांवर. तुमच्या संपादकबाई सगळीकडे तेच देतात.”