तळहातावरची आयरिश

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. साकोलीत एका सेठजींच्या राईस मिलमध्ये मी धान पारखायचो. पोती उचलत तिथवर पोचलो होतो, कोणाच्या शिफारशीनं नाही. मिलमध्ये नवं यंत्र बसलं, म्हणून सेठजींनी एका दुपारी आसपासच्या मिलवाल्यांना जेवू घातलं. त्यांच्या भाच्यानं परदेशातून आयरिश व्हिस्कीची हिरवी बाटली आणली होती. सगळ्यांना ओतत सेठजी माझ्यापाशी आले आणि बाटली मागे घेतली.

"अबे, हे तुले समजनार नाही. तुह्यासाठी दुसरी आनली ना!"

सगळे हसले. मी दुसरीला हात लावला नाही. वर्षभरात नोकरी सोडली, धानाची दलाली धरली, पुढे स्वतःची लहानशी मिल टाकली. ते वाक्य मात्र सोडलं नाही. सेठजींना ते एक दिवस गिळायला लावायचं, हे ठरलेलं होतं.

मिल चालू लागल्यावर नागपूरला जाऊन तीच हिरवी बाटली मागितली आणि सवयीनं घासाघीस सुरू केली.

"काका, भाव छापला आहे त्यावर. वांगे आहेत का हे?" दुकानदार म्हणाला.

"छापनाऱ्याचं काय जाते? तू तुहा भाव बोल!"

मी आवाज चढवला, तरी तो ढिम्म. छापील भावानंच घ्यावी लागली. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं.

रविवारी दुपारी अंगणात बसून ती उघडली. हेतू एकच, खोट काढायची. धंदाच माझा तो. ओलावा किती, कणी किती हे दाखवून मी भाव पाडतो. धान चोळतो तसा एक थेंब तळहातावर चोळला आणि नाकाशी नेला. झोंबणारा वास आधी उडून गेला. मागे राहिला जवाचा, मग मधाचा, आणि अगदी शेवटी वाळत्या मोहफुलांचा. घोट घेतला, तर घशात चरचर नाही. बाटलीवर लिहिलं होतं, तीनदा गाळलेली. वर कैक वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली. नवा तांदूळ गिच्च होतो, वर्षभर ठेवलेला मोकळा फुलतो, एवढं मला कळत होतं. पण ही माणसं जवासाठी इतकी वर्षं थांबतात! मला सौद्यात चहा संपेपर्यंत दम निघत नाही. खोट सापडली नाही. चिडूनच दुसरा घोट घेतला. पुढे दर दिवाळीला हिरवी बाटली घरात येऊ लागली.

मागल्या दिवाळीनंतर सेठजी काठी टेकत माझ्या मिलवर आले. त्यांची मिल केव्हाच विकली गेली होती. मी मुद्दाम बाटली टेबलावर ठेवली.

"वळखता का, सेठजी? तुमी म्हनलं होतं, मले हे समजनार नाही."

"मी? म्हनलं असन." त्यांनी आठवायचा प्रयत्नही केला नाही. "डॉक्टरनं बंद केली बाबू. वास तरी दे."

त्यांनी तळहात पुढे केला. मी थेंब टाकला. त्यांनी तो सावकाश चोळला, नाकाशी नेला, डोळे मिटले. धान असं चोळायला मला त्यांनीच शिकवलं होतं, माझं मनगट धरून. इतक्या वर्षांत हे मला आठवलं नव्हतं. घोकून ठेवलेलं बोलणं बाजूला ठेवून मी बाटलीचं झाकण लावलं.

"सांग," ते पूर्वीसारखेच दरडावून म्हणाले. "काय काय हाये याच्यात?"

"जव. मध. मोहफूल. लाकूड."

"जुनं लाकूड," ते म्हणाले. "बाकी बरोबर."

माफी नव्हतीच ती. राग आला, आणि बरंही वाटलं. हात धुवायला मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"राहू दे," मूठ मिटत सेठजी म्हणाले. "वास हाये अजून."